शाजापूरचा खासदार

मक्षीच्या पार्श्वनाथाला आम्ही वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी जातो. भोपाळहून उज्जैनची गाडी धरली की वाटेतच मक्षी लागते. दर्शन झाले, धर्मशाळेत जेवण झाले, की दुपारी झाडाखाली बसून गप्पा. मागच्या खेपेला तिथे शाजापूरचे एक आजोबा भेटले. वय ऐंशीच्या पुढचे, पण आवाज खणखणीत. माझे हिंदी ऐकून त्यांनी ओळखलेच.

"आप मराठी हैं?"

"हां जी, सांगली की."

"हमारे यहां से भी एक मराठी एमपी रहे. बंबई के. फिल्मों की ऐसी धुलाई करते थे कि पूछो मत."

आमचे हे हसले. म्हणाले, "आजोबांचं काहीतरी चुकतंय, सिनेमावर लिहिणारा कुठला खासदार व्हायला!" पण आजोबांचे काही चुकले नव्हते. १९६७ च्या निवडणुकीत शाजापूर मतदारसंघातून जनसंघाच्या तिकिटावर लोकसभेत गेलेले बाबूराव पटेल म्हणजे 'फिल्मइंडिया' मासिकाचे संपादक. पालघरजवळच्या मासवण गावचे, मूळ आडनाव पाटील. आपल्या देशात सिनेमाचे परीक्षण हा धाक वाटावा असा प्रकार ज्यांनी करून ठेवला, ते हेच गृहस्थ. आणि ते आमच्या मक्षीचे खासदार होते! पंचवीस-तीस वर्षे मी या भागात राहते, पण मला ते एका तीर्थाच्या अंगणात कळले.

मला त्यांच्याविषयी एवढी उत्सुकता का, ते आधी सांगते. मीही एकेकाळी सिनेमाची परीक्षणे लिहीत असे. कोणाला ठाऊक नाही, असण्याचे कारणही नाही. लग्न होऊन भोपाळला आले तेव्हा पदरात विलिंग्डन कॉलेजची बी.ए. होती आणि सांगलीच्या वाचनालयात 'रसरंग' वाचवाचून लागलेले सिनेमाचे वेड. १९९३-९४ च्या सुमारास इथल्या एका हिंदी दैनिकाला शुक्रवारी लागलेल्या सिनेमावर शनिवारी छापायला साडेतीनशे शब्द हवे होते. ह्यांच्या ऑफिसातले एकजण त्या दैनिकात ओळखीचे. माझे हिंदी शेजारच्या मास्तरीणबाई सुधारून द्यायच्या. मजकुराला पन्नास रुपये.

शुक्रवारी मुलीला बालवाडीत सोडायचे, मग शेजारी सांभाळायच्या, आणि मी बाराच्या खेळाला. कधी भारत टॉकीज, कधी रंगमहल, कधी अल्पना. सासूबाईंना "वाचनालयात जाते" असे सांगत असे. खोटे बोलणे वाईटच. पण चातुर्मासात तर त्यांना सिनेमाचे नावही चालत नसे आणि सिनेमे काही चातुर्मास पाळून लागत नाहीत. घरी आले की कुकर लावायचा आणि ओट्यावर कागद ठेवून लिहायचे. तीन शिट्ट्यांत पहिला परिच्छेद. संध्याकाळी मजकूर पोचवायचा.

सात-आठ महिने बरे चालले. मग एका मोठ्या सिनेमाबद्दल मी लिहिले की मध्यंतरानंतर थांबले ते तिकिटाचे पैसे दिले होते म्हणून. त्याच पानावर त्या सिनेमाची मोठी जाहिरात होती. पुढच्या शुक्रवारी मला सांगण्यात आले, "भाभीजी, आप कहानी लिख दीजिए. अच्छा-बुरा जनता खुद समझ लेगी." मी कहाणी लिहून देऊ लागले. दोनेक महिन्यांनी तेही बंद झाले. राग मला जाहिरातवाल्यांचा आला नाही, माझ्या मुकाट्याने कहाणी लिहून देण्याचा आला.

म्हणून बाबूराव पटेल. पुण्याला माहेरच्या नातलगांकडे गेले असताना लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात मी 'फिल्मइंडिया'चे जुने अंक पाहिले. मासिक १९३५ मध्ये सुरू झाले, इंग्रजीत. मुखपृष्ठावर एस. एम. पंडितांनी हाताने रंगवलेल्या नट्या, अजून डोळ्यांत भरतात. आत नव्या सिनेमांची परीक्षणे, चालू असलेल्या चित्रीकरणाच्या बातम्या, 'जुडास' या टोपणनावाने चालणारे मुंबईच्या सिनेजगताचे सदर आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे. देशभरातले वाचक अंक हातात पडला की आधी ही उत्तरे उघडत, असे म्हणतात, आणि वाचल्यावर ते पटते. प्रश्न साधा, उत्तर असे की विचारणाऱ्याने पुन्हा पोस्टाची पायरी चढू नये. तरी लोक पुन्हा विचारतच.

आणि परीक्षणे! सिनेमा आवडला नाही तर बाबूराव दिग्दर्शकाला, नटाला, संवाद लिहिणाऱ्याला, कोणालाच सोडत नसत. नटीच्या अंगलटीवरही शेरे मारत. हा भाग आज वाचवत नाही, आणि तेव्हाही वाचवू नये असाच होता. पण त्याच अंकात त्याच निर्मात्यांच्या पानपानभर रंगीत जाहिराती आहेत, हे पाहून मी थक्क झाले. माझ्या साडेतीनशे शब्दांनी एक जाहिरात डगमगली होती! इथे झोडपणारा आणि झोडून घेणारा एकाच वेष्टनात. शिव्या खाऊनही जाहिरात द्यावी लागे, कारण ते मासिक सिनेमाच्या धंद्यातले सगळेच वाचत. अर्थात कोणाला झोडायचे आणि कोणाला उचलायचे, यामागे बाबूरावांचे स्वतःचे हिशेब असत, असेही लोक तेव्हापासून बोलत आले आहेत. मंटोने त्यांच्यावर एक व्यक्तिचित्र लिहिले आहे. ते वाचले तर त्यात भुरळ आणि वैताग एकमेकांत मिसळलेले दिसतात. मलाही दुसरे काही वाटले नाही.

एक मात्र मान्य करावे लागते. परीक्षण म्हणजे नुसती गंमत नाही, हे त्यांनी दाखवले. १९३८ मध्ये 'द ड्रम' आणि पुढच्या वर्षी 'गंगादीन' हे इंग्रजी-अमेरिकन सिनेमे आले. त्यात हिंदुस्थानी माणूस म्हणजे कपटी नाहीतर हुजऱ्या. साहेबाचे राज्य असताना 'फिल्मइंडिया'ने या सिनेमांविरुद्ध मोहीम उघडली. सिनेमाकडे बघताना आपण कोण दाखवले जातो आहोत हे विचारायचे असते, हे आपल्या वाचकाला तेव्हा कोणीतरी शिकवत होते.

तसे पाहिले तर सिनेमावाल्याशी बोलायची सुरुवात मराठीतच फार आधी झाली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि त्याच वर्षी 'केसरी'त दादासाहेब फाळक्यांची मुलाखत आली. पुढे १९१७-१८ मध्ये फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात स्वतःच 'भारतीय चित्रपट' या विषयावर लेख लिहिले. माझ्या मते आपल्याकडची सिनेमावाल्याची पहिली मोठी मुलाखत तीच, फक्त प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच. सरस्वतीबाईंनी दागिने मोडायला दिले, रात्री जागून फिल्मला भोके पाडली, वर घरातल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, ही हकिगत आपल्याला नवऱ्याच्या आणि इतरांच्या सांगण्यातून कळते. बाईला समोर बसवून "तुम्ही काय केलंत ते सांगा" असे कोणी विचारले असते तर आज केवढा ऐवज हाती असता!

आता बाबूरावांच्या घरात येऊ. तिथेही एक बाई आहे.

सुशीलाराणी, माहेरचे आडनाव टोंबट, जन्म १९१८. कोकणी बोलणारे सारस्वत घर. शास्त्रीय गाणे मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेल्या. बाबूरावांशी गाठ पडली ती चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला. त्या त्यांच्या तिसऱ्या पत्नी. सिनेमावर एवढी वर्षे आसूड ओढणाऱ्या बाबूरावांनी सुशीलाराणींना नायिका करून दोन सिनेमे काढले: १९४४ मध्ये 'द्रौपदी', १९४६ मध्ये 'ग्वालन'. दोन्ही आपटले. दुसऱ्यांच्या सिनेमांची साले काढणाऱ्याचा स्वतःचा सिनेमा आपटल्यावर बाजारात काय चर्चा झाली असेल, ते सांगायला नको. बाबूरावांचे मला वाईट वाटत नाही, त्यांनी ते ओढवून घेतले होते. सुशीलाराणींचे वाटते. नवऱ्याने दहा वर्षे जोडलेले शत्रू त्या पडद्यावर आल्या तेव्हा थेटरात बसलेले होते.

त्यानंतर त्या सिनेमात दिसल्या नाहीत. पण मासिकात होत्या. 'जुडास' आणि 'हायसिंथ' या टोपणनावांखाली जे छापून येई ते नवरा-बायको दोघे मिळून लिहीत, आणि नटनट्यांच्या मुलाखती त्या घेत. माझ्यासारख्या कित्येक वाचकांना वर्षानुवर्षे 'फिल्मइंडिया' म्हणजे एकटे बाबूराव असेच वाटत आले. सुशीलाराणी २०१४ मध्ये वारल्या, आणि दुसऱ्या वर्षी सिद्धार्थ भाटियांचे 'फिल्मइंडिया'वरचे पुस्तक आले. त्याच्या नावातच 'पटेल' अनेकवचनी आहे. ते पाहून मला बरे वाटले. गाणे मात्र त्यांनी सोडले नव्हते. २००२ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, वयाच्या चौऱ्यांशीव्या वर्षी.

बाबूराव पुढे राजकारणाकडे वळले. फाळणीनंतर त्यांच्या लेखणीत धर्माधर्माची कडवटपणा फार उतरली. ज्या जिभेने सिनेमे सोलले तीच माणसांच्या जातीधर्मावर चालू लागली, आणि तिथे माझे त्यांचे जुळत नाही. नेहरूंच्या कारभारावर जाडजूड पुस्तक लिहिले. होमिओपॅथीवरही लिहिले. १९६०-६१ च्या सुमारास 'फिल्मइंडिया'चे 'मदर इंडिया' झाले आणि सिनेमा मागे पडला. मग शाजापूर. मक्षीच्या आजोबांना विचारले, "सभेत काय बोलायचे?" तर म्हणाले, "याद नहीं बेटा. पर बोलते थे तो कोई उठता नहीं था."

झोडपणाऱ्या परीक्षकाची ही गोष्ट. पण झोडपण्यापेक्षा ऐकून घेण्याने मराठीत जे हाती लागले ते मला अधिक मोलाचे वाटते. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका' घ्या. 'संत सखू', 'रामशास्त्री', 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटांतल्या या नटीचा १९५९ चा 'सांगत्ये ऐका' हा तमाशापट पुण्याच्या विजयानंदमध्ये अडीच वर्षांच्या आसपास चालला. सिनेमावरच्या पानांत अशा बाईबद्दल काय छापून यायचे? फोटो, नवा करार, एखादी कुजबुज. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस' साप्ताहिकासाठी तरुण अरुण साधू त्यांच्यापुढे वही घेऊन बसले आणि बाई बोलल्या. नवरा, दारू, न राहिलेली मुले, घर सोडून जाणे, सेटवरची कामे, पैसे कोणाच्या हातात पडत ते. १९७० मध्ये राजहंसने पुस्तक काढले, दुसऱ्याच वर्षी त्या गेल्या. वय अठ्ठेचाळीस.

ते पुस्तक मी पहिल्यांदा वाचले तेव्हा एक गोष्ट लक्षात आली नव्हती, ती आता येते. साधूंचे प्रश्न पुस्तकात नाहीत. कुठे त्यांनी थांबवले असेल, कुठे "मग?" म्हटले असेल, कुठे गप्प बसले असतील, ते सगळे पुसून टाकले आहे आणि फक्त बाईंचा आवाज ठेवला आहे. बाबूरावांना हे जमले नसते, त्यांच्या प्रत्येक ओळीत ते स्वतः उभे असत. याच पुस्तकावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका मुलाखतीतून एवढे निघाले.

भोपाळात राहून सिनेमाच्या परीक्षणावर लिहायचे आणि एका परीक्षणाबद्दल बोलायचे नाही, असे कसे होईल? ते कोणा समीक्षकाने लिहिलेले नाही, दूरदर्शनने लिहिलेले आहे. वायुकांडावर तपन बोस, सुहासिनी मुळे आणि सलीम शेख यांनी 'भोपाळ: बियाँड जेनोसाइड' हा माहितीपट केला. सुहासिनी म्हणजे 'भुवन शोम'मधली ती खट्याळ मुलगी, आणि फिल्म सोसायट्या उभ्या करणाऱ्या विजया मुळे यांची लेक. १९८७ मध्ये या माहितीपटाला कथाबाह्य चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. पुरस्कार मिळालेले असे चित्रपट दूरदर्शनवर दाखवू, असे सरकारनेच जाहीर केले होते. यांची पाळी आली तेव्हा नकार. कारणे ऐका: विषय आता शिळा झाला आहे, मांडणीत संयम नाही, समतोल नाही, भरपाईचे खटले चालू आहेत, वातावरण आधीच तापलेले आहे, राज्य सरकारवर टीका आहे. माझ्या आठ महिन्यांच्या अनुभवावरून सांगते, कोणत्याही सिनेमावर याहून लबाड परीक्षण मी वाचलेले नाही. विषय शिळा! ज्यांच्या घरात खोकला थांबत नव्हता त्यांना विचारायचे होते. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९२ मध्ये निकाल चित्रपट करणाऱ्यांच्या बाजूने लागला. सरकारवर टीका आहे एवढ्यावरून चित्रपट अडवता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

हे सगळे वाचत गेले तेव्हा मला माझेच एक परीक्षण पुन्हापुन्हा आठवत राहिले. इथे बाहेरचे लोक येऊन शूटिंग करतात. इस्माईल मर्चंटनी 'मुहाफ़िज़' इथेच केला. अशाच एका हिंदी सिनेमाचे काही प्रसंग भोपाळात चित्रित झाले होते. त्यात इथल्या नाटकमंडळीतल्या एका माणसाला पोस्टमनची दोन मिनिटांची भूमिका मिळाली होती. मी लिहिले होते की हा पोस्टमन पत्रापेक्षा स्वतःलाच पोचवायला आल्यासारखा वाटतो. वाक्य सुचले तेव्हा ओट्यापाशी एकटीच हसले होते. मास्तरीणबाईही हसल्या. बाबूरावांना आवडले असते असे ते वाक्य.

काही आठवड्यांनी भाजीबाजारात एक बाई भेटल्या. ओळख झाली, नाव ऐकले, आणि म्हणाल्या, "आप ही लिखती हैं न अखबार में? हमारे इनका भी ज़िक्र किया था आपने." रागाने नाही, साधेपणाने. हातात मेथीची जुडी. मला तोंड लपवायला जागा नव्हती. त्यांनी ते कात्रण जपून ठेवले होते, कारण पेपरात त्यांच्या नवऱ्याचे नाव तेवढे एकदाच आले होते.

त्या भाद्रपदात दशलक्षण पर्व झाले, क्षमावाणीचा दिवस आला. मंदिरातून आल्यावर सगळ्या ओळखीच्यांना हात जोडून क्षमा मागायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले. जावांना, नणंदांना, शेजाऱ्यांना मागितली. ज्यांचे खरे देणे होते त्यांचे घर जुन्या शहरात, इतवारा भागात. माझ्याच्याने तेव्हा जाववले नाही.

गेले बऱ्याच वर्षांनी, मक्षीहून परतल्यानंतरच्या महिन्यात. मेथीवाल्या बाई आता राहिल्या नव्हत्या. त्यांचे पती होते, निवृत्त, पडवीत खुर्ची टाकून बसलेले. मी वही नेली होती. सांगितले, "मी तुमची मुलाखत घ्यायला आले आहे. तुमच्या सिनेमाबद्दल." ते हसले, "कौन सा सिनेमा, दो मिनट का?" मी म्हटले, "हां, वही."

तीन तास बोलले. शूटिंगच्या दिवशी पहाटे चारला बोलावले होते आणि दुपारी तीनला पाळी आली. पोस्टमनचा सदरा दुसऱ्याच्या मापाचा होता, काखेत शिवण उसवलेली, म्हणून हात वर करायचा नाही असे कपडेवाल्याने बजावले होते. पत्र द्यायला हात वर केला नाही म्हणून चाल तशी आखडलेली दिसली. तीनशे रुपये मिळणार होते, दोनशे मिळाले. दिग्दर्शकाने जाताना पाठीवर थाप मारली होती. त्या दिवशी घरी येताना त्यांनी बायकोसाठी बांगड्या आणि घरासाठी जिलेबी आणली होती.

मी एकदाच विचारले, "मी लिहिलेलं वाचून तुम्हाला वाईट वाटलं होतं?"

ते आत गेले आणि पत्र्याच्या डब्यातून कात्रण घेऊन आले. घड्यांवर फाटलेले, पिवळे. मला वाटले आता वाचून दाखवणार. त्यांनी ते माझ्या हातात दिले आणि म्हणाले, चष्मा सापडत नाही, तुम्हीच वाचा. मी वाचू लागले. पोस्टमनच्या वाक्यापाशी आले तेव्हा ते माझ्याबरोबर ते वाक्य तोंडपाठ म्हणत होते.